आर्टेमिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक पुराणकथांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांत सर्वाधिक गोंधळ आर्टेमिसच्या वाट्याला आलेला दिसतो. तिची ओळख बहुतेक ठिकाणी 'शिकारीची आणि चंद्राची देवी' अशा एका ओळीत उरकली जाते. त्या ओळीतला पहिला अर्धा भाग अपुरा आहे आणि दुसरा उशिरा जोडलेला आहे. पुढील प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर्टेमिस नेमकी कोण?

देवांचा राजा झ्यूस आणि ऑलिंपसच्या देवांआधीच्या टायटन कुळातली लीटो यांची ती मुलगी. अपोलो हा तिचा जुळा भाऊ. ऑलिंपस पर्वतावरच्या बारा प्रमुख दैवतांमध्ये तिची गणना होते. रान, रानातली जनावरे, शिकार, मुलींचे बालपण, बाळंतपण आणि बायकांना अचानक येणारे मरण ही सगळी तिची क्षेत्रे आहेत. ही यादी वरवर विस्कळीत वाटते, पण तिच्याकडे 'वेशीवरची देवी' म्हणून पाहिले की तिच्यातला धागा दिसू लागतो. नांगरलेले शेत संपून रान सुरू होते ती वेस, मुलगी संपून बाई सुरू होते ती वेस, आणि बाळंतिणीच्या खोलीत जन्म व मृत्यू यांच्यामध्ये असते तीही वेस. तिची देवस्थानेसुद्धा बहुधा गावाबाहेर, दलदलीच्या काठाला, खाडीच्या तोंडाशी किंवा डोंगरखिंडीत असत. स्पार्टा आणि मेसेनिया यांच्या सीमेवरचे तिचे स्थान तर 'तळ्याकाठची' म्हणजे लिम्नॅटिस याच नावाने ओळखले जाई.

२. नावाचा उच्चार 'आर्टेमिस' की 'आर्तेमिस'? आणि अर्थ काय?

मूळ ग्रीक नावातला 'त' दंत्य आहे आणि पहिला 'अ' ऱ्हस्व आहे, त्यामुळे 'अर्तेमिस' हा उच्चार मुळाला सर्वांत जवळचा ठरतो. मराठी वृत्तपत्रांत इंग्रजीच्या वाटेने 'आर्टेमिस' रुळले आहे आणि येथेही तेच ठेवले आहे. गमतीचा भाग असा की मराठी बायबलमध्ये हीच देवी 'अर्तमी' या नावाने येते, आणि तो 'त' ग्रीकला अधिक प्रामाणिक आहे (तो प्रसंग प्रश्न १५ मध्ये पाहावा).

अर्थाबाबत एकमत नाही. प्लेटोने 'अर्तेमेस' म्हणजे अव्यंग, धडधाकट या शब्दाशी नावाचा संबंध जोडला, पण तो शब्दखेळ म्हणूनच वाचावा. नाव मुळात ग्रीक नसावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ग्रीसमधल्या पायलोस येथे सापडलेल्या, इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर तिचे नाव वाचता येते असे बहुतेकांचे मत आहे. म्हणजे महाकवी होमरच्या कितीतरी आधीपासून ती ग्रीकांच्या देव्हाऱ्यात होती.

३. आर्टेमिस ही चंद्राची देवी आहे ना?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. सुरुवातीला ती चंद्राची देवी नव्हती, नंतर झाली.

'इलियड' आणि 'ओडिसी' या दोन्ही महाकाव्यांत आर्टेमिस पुष्कळदा येते. ती बाणांचा वर्षाव करणारी आहे, डोंगरांत रानडुकरे आणि हरणे यांच्यामागे धावणारी आहे, श्वापदांची स्वामिनी आहे. चंद्राशी मात्र तिचा कोणताही संबंध होमर जोडत नाही. चंद्रासाठी ग्रीकांकडे सेलेनी नावाची स्वतंत्र देवी होती (प्रश्न ४). इ.स.पू. पाचव्या शतकात चित्र बदलू लागते. नाटककार एस्किलसच्या एका हरवलेल्या नाटकातल्या उरलेल्या ओळीत सूर्यकिरणांच्या जोडीला 'लीटोच्या कन्येचा तारकामय डोळा' येतो आणि तो चंद्राचाच उल्लेख आहे असे मानले जाते. याच काळात अपोलोला सूर्य मानण्याची कल्पना पुढे येत होती, आणि भाऊ सूर्य झाला की जुळी बहीण चंद्र होणार हे ओघानेच आले. शिवाय बाळंतपणाचे महिने चंद्रावरून मोजले जात आणि बाळंतपण तिच्या अखत्यारीत होते (प्रश्न ७). पुढे तत्त्वचिंतकांनी देवतांची निसर्गातल्या शक्तींशी सांगड घातली, रोमन कवींनी ती उचलली, आणि इ.स.पू. ४५ मध्ये देवांच्या स्वरूपाविषयी लिहिताना रोमन लेखक सिसेरो डायना (प्रश्न ५) आणि चंद्र एकच असल्याचे सरळ नोंदवतो.

हे सगळे केवळ ग्रंथांतले होते असेही समजू नये. अथेन्समध्ये म्युनिकियॉन महिन्याच्या सोळाव्या दिवशी, पौर्णिमेच्या सुमारास, तिला एक गोल पोळीसारखा पदार्थ वाहिला जाई आणि त्याच्या कडेने लहान लहान ज्योती पेटवून लावत. त्याचे नाव 'अँफिफॉन', म्हणजे 'दोहोंकडून उजळलेला'. पर्शियनांवरच्या सॅलमिसच्या आरमारी विजयाच्या वेळी देवी पूर्णचंद्राच्या रूपाने प्रकाशली, म्हणून हा दिवस तिला दिला, असे ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो. अंधारात दिव्यांच्या कड्याने वेढलेली ती पोळी डोळ्यांसमोर आणली, तर चंद्राशी तिचे नाते सामान्य माणसाच्या हातापर्यंत कसे पोहोचले असेल याचा अंदाज येतो.

मराठी वाचकाला आणखी एक अडचण येते. आपला चांदोबा मामा आहे, ग्रीक भाषेत चंद्रासाठीचा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे 'चंद्रदेव' या आपल्या कल्पनेला केवळ साडी नेसवून आर्टेमिस समजत नाही.

४. मग सेलेनी आणि हेकाटी कोण? तिघी एकच आहेत का?

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या वंशावळीनुसार सेलेनी ही हायपेरिऑन आणि थिया यांची मुलगी. सूर्य हेलिऑस हा तिचा भाऊ आणि पहाट ईओस ही बहीण. ती प्रत्यक्ष आकाशातला चंद्र आहे. हेकाटी ही पर्सिस आणि ॲस्टेरिया यांची मुलगी. ॲस्टेरिया लीटोची सख्खी बहीण असल्याने हेकाटी आणि आर्टेमिस मावसबहिणी ठरतात. हेकाटीकडे तिठे, उंबरठे, मशाली, भुतेखेते आणि जादूटोणा.

म्हणजे जन्मकथांच्या हिशोबाने तिघी वेगळ्या. पूजेत मात्र सीमारेषा पुसट होत्या आणि काही ठिकाणी आर्टेमिसलाच हेकाटी म्हणत. रोमन काळात आकाशात चंद्र, भूमीवर डायना आणि पाताळात हेकाटी अशी त्रिरूप देवी कवींनी रूढ केली. कुमारी, माता आणि म्हातारी अशी जी तीन रूपांची मांडणी हल्ली सर्वत्र दिसते, ती मात्र विसाव्या शतकातली आहे. प्राचीन ग्रीकांच्या माथी ती मारू नये. तिन्ही देवींपैकी एकीलाही ग्रीक परंपरेत म्हातारी दाखवलेले नाही.

५. डायना म्हणजेच आर्टेमिस का?

डायना ही मुळात इटलीची देवी. रोमजवळच्या नेमी सरोवराकाठी तिची प्रसिद्ध देवराई होती. ग्रीक संस्कृतीशी संबंध वाढल्यावर रोमनांनी तिच्यावर आर्टेमिसच्या कथा चढवल्या, तसा दोघींतला फरक कथांपुरता तरी मिटला. 'डायना' या नावाचे मूळ तेजस्वी आकाश दर्शवणाऱ्या धातूत आहे. संस्कृतातले 'द्यौ' आणि 'देव' हे शब्द त्याच घराण्यातले. म्हणजे नावापुरते पाहिले तर प्रकाशाशी नाते डायनाचे आहे. ओव्हिडच्या कथांत 'डायना' वाचायला मिळते त्याचे कारणही हेच की तो लॅटिन कवी आहे.

६. शिकारीची देवी एकाच वेळी प्राण्यांची रक्षक कशी असू शकते?

हा विरोधाभास आपल्याला वाटतो, शिकाऱ्याला वाटत नसे. रान तिचे, म्हणून जनावरेही तिची. त्यातले काय घ्यायचे, केव्हा घ्यायचे आणि काय सोडायचे हा अधिकारही तिचाच. पिल्लांवर तिचे विशेष लक्ष असे. एस्किलसच्या 'ॲगमेम्नॉन' नाटकात (इ.स.पू. ४५८) दोन गरुड एका गाभण सशिणीला फाडून खातात, तेव्हा देवी कोपते ती न जन्मलेल्या पिल्लांसाठी. परवानगीशिवाय शिकार करणारा किंवा शिकारीची फुशारकी मारणारा तिच्या तावडीतून सुटत नाही, याची उदाहरणे प्रश्न ९ आणि ११ मध्ये आहेत.

तरीही तिला आजच्या अर्थाने प्राणिमित्र समजणे चूक ठरेल. ग्रीसमधल्या पात्रे नावाच्या नगरात तिच्या लॅफ्रिया उत्सवात काय चाले ते पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेवले आहे. कुमारी पुजारीण हरणे जुंपलेल्या रथातून मिरवणुकीच्या शेवटी येई, आणि दुसऱ्या दिवशी वेदीभोवती रचलेल्या लाकडांवर पक्षी, रानडुकरे, हरणे, लांडग्यांची व अस्वलांची पिल्लेसुद्धा जिवंत टाकून आग लावत. ज्वाळांतून निसटू पाहणारे अस्वल लोकांनी ओढून परत आगीत लोटलेले आपण पाहिले, असे तो सांगतो.

७. ती स्वतः कुमारी आहे, मग बाळंतपणाची देवी कशी?

याचे एक उत्तर कथेत आहे. आर्टेमिस आधी जन्मली आणि जन्मताच तिने आईची सुईण होऊन अपोलोच्या जन्माला मदत केली, असे अपोलोडोरसच्या नावावरील संग्रहात येते. सर्व परंपरा हे सांगत नाहीत. अपोलोच्या जुन्या स्तोत्रात तर तिचा जन्म ऑर्टिजिया येथे आणि त्याचा डेलॉस बेटावर झाल्याचे म्हटले आहे, त्यामुळे तेथे सुईणपणाला वावच उरत नाही. कवी कॅलिमॅकसच्या म्हणण्याप्रमाणे लीटोला तिच्या वेळी वेणा झाल्या नाहीत, म्हणून नियतीने ते काम तिच्याकडे सोपवले.

दुसरे उत्तर पूजेत आहे आणि ते मला अधिक पटते. पहिल्या बाळंतपणाने मुलगी देवीच्या रानातून कायमची बाहेर पडते. त्या क्षणी देवी तिला सुखरूप जाऊ देईल किंवा बाण मारील. प्रसूतीत किंवा अचानक मेलेल्या बाईला आर्टेमिसचा बाण लागला असे ग्रीक म्हणत. 'इलियड'मध्ये झ्यूसची पत्नी हीरा तिला 'झ्यूसने तुला बायकांसाठी सिंहीण केले आहे' असे सुनावते. 'ओडिसी'त नायकाची दुःखाने खचलेली पत्नी पेनेलोपी झटपट मरण यावे म्हणून तिच्याच बाणाची याचना करते.

ग्रीक महिन्याचा सहावा दिवस आर्टेमिसचा मानला जाई. आपल्याकडे बाळाच्या सहाव्या दिवशी सटवाई पुजतात, हे मराठी वाचकांच्या लक्षात येते आणि तसे प्रश्नही येतात. साम्य लोभस आहे, पण एकीकडे महिन्याची तिथी आहे आणि दुसरीकडे जन्मापासून मोजलेला दिवस. त्यावरून नाते जोडता येत नाही.

८. लहान मुलींना 'अस्वल' बनवत, हे खरे आहे का?

खरे आहे. अथेन्सच्या पूर्वेला, समुद्रकिनाऱ्यालगतच्या दलदलीत ब्रॉरॉन नावाचे स्थान आहे. तेथे साधारण ५ ते १० वर्षांच्या मुली देवीची सेवा करत आणि त्यांना 'अर्क्तोई' म्हणजे अस्वले म्हणत. कथा अशी की देवीच्या एका माणसाळलेल्या अस्वलाने त्याला चिडवणाऱ्या मुलीला ओरबाडले, तिच्या भावांनी अस्वल मारले, रोगराई आली, आणि लग्नाआधी मुलींनी देवीसाठी 'अस्वल' व्हावे असा कौल मिळाला. इ.स.पू. ४११ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या 'लायसिस्ट्राटा' या विनोदी नाटकात अथेन्सच्या बायका आपल्या मोठेपणाची कामे मोजतात, त्यात 'केशरी वस्त्र घालून ब्रॉरॉनला अस्वल झाले' हेही अभिमानाने येते.

तेथील उत्खनन इ.स. १९४८ पासून ग्रीक पुरातत्त्वज्ञ जॉन पापादिमित्रिऊ यांनी केले. धावणाऱ्या मुलींची चित्रे असलेली लहान मातीची भांडी मिळाली आणि मुलींचे संगमरवरी पुतळेही मिळाले. त्यांतल्या एका गोबऱ्या गालांच्या मुलीने आपल्या वस्त्राच्या ओच्यात ससा धरला आहे. शिकारीच्या देवीच्या दारात कवेत घेतलेला हा ससा मला तिच्या कोणत्याही धनुष्यधारी मूर्तीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

बायका तेथे आपली वस्त्रे वाहत आणि त्यांच्या याद्या दगडावर कोरत. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या या याद्यांत कोणी कोणते वस्त्र दिले, त्याला काठ कसला होता, ते डबीत आहे की देवीच्या मूर्तीवर घातले आहे, असा बारीक तपशील आहे. काही नोंदींपुढे 'चिंधी' लिहिले आहे आणि काहींपुढे 'अर्धवट विणलेले'. नाटककार युरिपिडीस सांगतो की बाळंतपणात दगावलेल्या बायकांची वस्त्रे तेथे इफिजिनियाला (प्रश्न ११) वाहत. अर्धवट विणलेली वस्त्रे माग सोडून गेलेल्या अशाच बायकांची असावीत, असा एक तर्क आहे.

९. ॲक्टिऑनने देवीला आंघोळ करताना पाहिले, एवढ्यासाठी त्याला मृत्यू?

आंघोळीची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे, सर्वांत जुनी नाही. ॲक्टिऑन हा थीब्सच्या कॅडमसचा नातू. जुन्या परंपरेत त्याचा अपराध आपली मावशी सेमेली हिची अभिलाषा धरणे हा होता. युरिपिडीसच्या 'बाकाय' नाटकात (इ.स.पू. ४०५) तो शिकारीत आर्टेमिसपेक्षा आपण सरस आहोत अशी बढाई मारतो. आंघोळीचा प्रसंग इ.स.पू. तिसऱ्या शतकात कॅलिमॅकसच्या काव्यात स्पष्टपणे दिसतो, आणि ओव्हिडने त्याला जे रूप दिले तेच जगाच्या लक्षात राहिले. बॉस्टनच्या संग्रहालयात इ.स.पू. ४७० च्या सुमाराचे एक मृद्भांड आहे. त्यावर कुत्रे ॲक्टिऑनला फाडत आहेत आणि आर्टेमिस बाण रोखून उभी आहे. ती नखशिखांत वस्त्रात आहे आणि पाण्याचा मागमूसही नाही.

ओव्हिडच्या कथेत देवीच्या हाताशी धनुष्य नसते. ती ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर फेकते आणि म्हणते की मला विवस्त्र पाहिलेस हे आता सांगता येत असेल तर खुशाल सांग. त्याला शिंगे फुटतात, कान लांबतात, हातांचे पाय होतात. स्वतःचेच कुत्रे अंगावर येतात तेव्हा 'मी ॲक्टिऑन, तुमचा धनी' असे त्याला ओरडायचे असते आणि तोंडून शब्द फुटत नाही. सोबती मात्र कुत्र्यांना चेव देत, ॲक्टिऑन हे पाहायला कुठे राहिला म्हणून त्याच्याच नावाने हाका मारत असतात. त्याची काही चूक नव्हती, तो वाट चुकला होता, हे ओव्हिड स्वतःच सांगतो.

१०. आर्टेमिसचे ओरायनवर प्रेम होते का?

एका परंपरेपुरते होते. होमरच्या म्हणण्याप्रमाणे पहाटदेवी ईओसने शिकारी ओरायनला निवडले, देवांना ते खपले नाही आणि आर्टेमिसने त्याला ऑर्टिजिया येथे बाणांनी मारले. दुसऱ्या कथेत तो आर्टेमिसवरच हात टाकतो आणि ती विंचू सोडते. लॅटिन लेखक हायजिनसने इस्ट्रॉस नावाच्या लेखकाच्या हवाल्याने दिलेल्या कथेत मात्र ती त्याच्याशी लग्न करण्याच्या बेतात असते. अपोलोला ते पसंत नसते, म्हणून तो दूर समुद्रात दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यावर नेम साधून दाखव असे तिला डिवचतो. तो ठिपका म्हणजे पोहणाऱ्या ओरायनचे डोके असते.

आकाशात ग्रीक लोक ज्या तारकासमूहात शिकारी ओरायन पाहतात, तेथे आपण मृग पाहतो, म्हणजे नेमकी शिकार. त्याचा कुत्रा मानलेला तेजस्वी तारा आपल्याकडे व्याध आहे. पात्रे तीच, भूमिका उलटल्या. विंचवाची सांगड मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते: वृश्चिक उगवू लागला की ओरायन मावळतो.

११. तिने इफिजिनियाचा बळी मागितला आणि मग वाचवलेही, असे का?

ट्रॉयकडे निघालेले ग्रीक आरमार ऑलिस बंदरात अडकते. सेनापती ॲगमेम्नॉनने देवीचे हरीण मारले आणि फुशारकी मारली, म्हणून ती त्याच्या मुलीचा बळी मागते, अशी कथेची रूढ मांडणी आहे. पण लेखकागणिक ती बदलते. एस्किलस सुटकेचा उल्लेखच करत नाही. त्याच्याकडे मुलीच्या तोंडात बोळा कोंबून तिला वेदीवर उचलतात आणि पुढचे 'मी पाहिले नाही' म्हणून नाटकातला गायकसमूह थांबतो. युरिपिडीसकडे देवी शेवटच्या क्षणी हरिणी ठेवून मुलीला टॉरिसला, म्हणजे आजच्या क्रिमियात, आपली पुजारीण म्हणून नेते. मुलीच्या जागी जनावर हा सौदा ब्रॉरॉनमधल्या अस्वलाच्या कथेला (प्रश्न ८) उलट बाजूने जुळतो, आणि युरिपिडीसने इफिजिनियाचा शेवटचा मुक्काम ब्रॉरॉनलाच ठेवला आहे.

१२. कॅलिस्टोला शिक्षा कोणी केली?

लेखकावर अवलंबून आहे. कॅलिस्टो ही आर्टेमिसच्या परिवारातली आर्केडियाची कुमारी. झ्यूस तिला फसवतो, ओव्हिडच्या कथेत तर खुद्द देवीचे रूप घेऊन. गर्भ राहिल्याचे कळल्यावर देवी तिला हाकलते. तिला अस्वल कोण करते, आर्टेमिस, हीरा की स्वतः झ्यूस, याची तीन उत्तरे मिळतात. शेवटी ती उत्तरेकडच्या आकाशात मोठे अस्वल होते. आपण त्यातल्याच सात ताऱ्यांना सप्तर्षी म्हणतो.

१३. एवढी उग्र देवी, मग युद्धात तिचा टिकाव का लागत नाही?

हा प्रश्न 'इलियड'चा एकविसावा सर्ग वाचलेलेच विचारतात. देवांच्या भांडणात हीरा तिची दोन्ही मनगटे एका हाताने पकडते आणि दुसऱ्या हाताने तिचेच धनुष्य काढून घेऊन हसत हसत तिच्या कानशिलांवर हाणते. बाण जमिनीवर विखुरतात. आर्टेमिस ससाण्यापुढून निसटलेल्या पारव्यासारखी रडत पळते आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसते. लीटो मागे राहून लेकीचे बाण एकेक करून वेचते.

रणांगण हे तिचे क्षेत्रच नाही. पण लढाई सुरू होण्यापूर्वीचा क्षण तिचा आहे. स्पार्टाचे सैन्य शत्रू समोर दिसू लागल्यावर तिला शेळीचा बळी देई. मॅरेथॉनच्या लढाईपूर्वी, इ.स.पू. ४९० मध्ये, अथेन्सने जितके शत्रू पडतील तितक्या शेळ्या तिला देण्याचा नवस केला. हेरोडोटसच्या आकड्यानुसार ६,४०० पर्शियन पडले. एवढ्या शेळ्या आणायच्या कुठून? शेवटी दरवर्षी ५०० देण्याचे ठरले, आणि ग्रीक लेखक झेनोफोन नोंदवतो की त्याच्या काळापर्यंत, म्हणजे नव्वदेक वर्षांनंतरही, नवस फेडणे चालूच होते.

१४. स्पार्टात मुलांना तिच्यासमोर फटके मारत, ही अतिशयोक्ती आहे का?

फटके खरे, त्यांचा अर्थ काळाप्रमाणे बदलला. झेनोफोनच्या वर्णनात आर्टेमिस ऑर्थियाच्या, म्हणजे स्पार्टातल्या तिच्या रूपाच्या, वेदीवरून चीज पळवणे हा मुलांचा खेळ आहे आणि पळवताना सापडणाऱ्याला फटके मिळतात. रोमन काळात त्याचा सहनशक्तीचा तमाशा झाला; वेदीवर मुले मेलेली आपण पाहिली असे प्लूटार्क लिहितो, आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात प्रेक्षकांसाठी तेथे अर्धवर्तुळाकार दगडी बैठका बांधल्या गेल्या. तेव्हा 'प्राचीन कठोर प्रथा' म्हणून जी सांगितली जाते तिचे सर्वांत रक्तरंजित रूप हे पर्यटनाच्या काळातले आहे.

१५. इफिससच्या मूर्तीच्या छातीवर इतके स्तन का आहेत?

ते स्तन असावेत हे पक्के नाही. इफिसस, आजच्या तुर्कस्तानातल्या सेल्चुकजवळचे नगर, येथील आर्टेमिस ताठ उभी, डोक्यावर उंच मुकुट, अंगावर जनावरांच्या रांगा कोरलेली, आणि छातीवर अंडाकार गोळ्यांच्या ओळी अशी दिसते. 'अनेक स्तनांची' हे वर्णन प्रामुख्याने ख्रिस्ती लेखकांनी, तेही हिणवण्यासाठी, पसरवले. गोळ्यांना स्तनाग्रे नाहीत. अशाच गोळ्या लॅब्रॉन्डा येथील झ्यूसच्या, म्हणजे पुरुष देवाच्या, मूर्तीवरही आहेत. बळी दिलेल्या बैलांचे वृषण, अंडी, मधमाश्यांशी संबंधित काही, चामड्याच्या थैल्या असे अनेक तर्क आहेत. मंदिराच्या सर्वांत जुन्या थरात थेंबाच्या आकाराचे अंबरचे मणी मिळाले आहेत, त्यामुळे मूळ लाकडी मूर्तीला घातलेला हा दागिना होता आणि पुढे दगडात तोच कोरला गेला, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सरळ वाटते. मूर्तीला दागदागिने घालण्याची सवय असलेल्या वाचकाला ते पटायला जड जाऊ नये.

मराठी बायबलमधली 'अर्तमी' ती हीच. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय आपला धंदा ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या शिकवणीमुळे बुडेल म्हणून कारागिरांना चिथावतो आणि जमाव दोन तास तिचा जयघोष करतो.

१६. इफिससचे मंदिर कोणी जाळले आणि आज तेथे काय दिसते?

लिडियाचा राजा क्रीसस याच्या मदतीने इ.स.पू. सहाव्या शतकात उभे राहिलेले संगमरवरी मंदिर इ.स.पू. ३५६ मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने केवळ नाव व्हावे म्हणून पेटवले. त्याचे नाव कोणी उच्चारू नये असा ठराव नगराने केला, पण थिओपॉम्पस या इतिहासकाराने ते लिहून ठेवले आणि ठराव फुकट गेला. त्याच रात्री अलेक्झांडर जन्मला आणि देवी त्याच्या आईच्या बाळंतपणात गुंतली होती, म्हणून तिला आपले मंदिर वाचवता आले नाही, अशी मल्लिनाथी प्लूटार्कने उद्धृत केली आहे.

पुन्हा बांधलेले मंदिर सात आश्चर्यांत गणले गेले. रोमन लेखक प्लिनी त्याचे १२७ खांब मोजतो. इ.स. २६० च्या दशकात गॉथ टोळ्यांनी ते लुटले. पुढे गाळाने जागा इतकी झाकली की जॉन टर्टल वूड या इंग्रज वास्तुविशारदाला ती शोधायला सहा वर्षे लागली, आणि इ.स. १८६९ च्या अगदी अखेरीस फरसबंदी हाती लागली. आज पाणथळ खळग्यात तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे आणि त्यावर करकोच्याचे घरटे असते.

१७. आर्टेमिसचा भारताशी काही संबंध आला होता का?

थोडा, पण खरा. वायव्येकडे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास राज्य केलेल्या एका इंडो-ग्रीक राजाचे नाव आर्टेमिडोरोस, म्हणजे 'आर्टेमिसने दिलेला', असे होते. त्याच्या नाण्यांवर धनुष्यधारी आर्टेमिस आहे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतला मजकूर. अलीकडचे नाते चंद्राच्या वाटेने आले: अपोलो मोहिमांनंतरच्या चांद्रमोहिमेला नासाने इ.स. २०१९ मध्ये त्याच्या जुळ्या बहिणीचे नाव दिले, आणि त्याच नावाच्या करारावर भारताने २१ जून २०२३ रोजी सही केली.

१८. दवण्याच्या शास्त्रीय नावात तिचे नाव कसे आले?

दवण्याचे शास्त्रीय नाव 'आर्टेमिसिया पॅलेन्स'. आर्टेमिसिया ही सुगंधी, कडवट वनस्पतींची मोठी प्रजाती आहे, आणि तिच्यातल्या काही वनस्पती प्राचीन भूमध्य प्रदेशात बायकांच्या दुखण्यांवर, बाळंतपणात वापरत. हे नाव आर्टेमिसवरून आले की आर्टेमिसिया नावाच्या राणीवरून, याची दोन्ही मते प्लिनीच्या काळीच प्रचलित होती. राणीचे नावही अर्थात देवीवरूनच पडलेले. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध याच प्रजातीतल्या दुसऱ्या वनस्पतीतून मिळाले आणि त्यासाठी तू योयो यांना इ.स. २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. चैत्रात जोतिबाला वाहिलेली दवण्याची राखाडी-हिरवी काडी चुरगळली की बोटांना जो वास दिवसभर राहतो, त्या वनस्पतीचे नाव असे ग्रीक रानातून आलेले आहे.